अन्सारभाईंच्या दारातलं फुटकं मीटर

मी नळाचं मीटर. मला बोलायची सवय नाही. उभ्या आयुष्यात मी फक्त गरगर फिरलो आणि त्यालाच कर्तृत्व समजत आलो. तरी आज बोलतो, कारण माझ्यापायी आर्णीतल्या एका बाईची राहती खोली जाण्याची वेळ आली होती. आणि या सगळ्यात माझा पराक्रम एवढाच, की मी फुटलो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या पोटातून पाणी सोडून परीक्षा घेतली गेली. मी पास झालो आणि डोक्यात वारं शिरलं. अंगावर एक बाण कोरला होता, पाणी कुठून कुठे जावं ते दाखवणारा. मला ते पदकच वाटलं. खोक्यात बसून येताना मी स्वप्नं पाहिली, की आपण एखाद्या बंगल्यात लागणार, समोर बाग आणि फवारा असणार, माळी आपल्याला रोज पुसणार. खोकं उघडलं ते अन्सारभाईंच्या गॅरेजच्या कडेला. जागा मिळाली नालीच्या काठावर, माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर.

अन्सारभाई दुचाकी दुरुस्त करतात. पुढे गॅरेज, मधे त्यांचं घर, मागे एक भाड्याची खोली. मला बसवायला पालिकेचा संघदीप आला होता. नट आवळून झाल्यावर तो म्हणाला, "अन्सारभाई, याले एक लोखंडी पेटी करून घ्या. आता हे तुमच्या घरचं सामान होये. फुटलं, चोरीले गेलं, तं तुम्हालेच बदलून घ्या लागन."

"हाव, हाव. करतो ना," अन्सारभाई म्हणाले आणि हात पुसायचं तेलकट फडकं त्यांनी माझ्यावरच वाळत टाकलं.

पेटी काही झाली नाही. फडकं मात्र कायम राहिलं. मी ते फेट्यासारखं मिरवलं.

माझ्या कामाबद्दल खरं सांगतो. नळ यायच्या आधी पाइपातून नुसती हवा येते. हुशार मीटर अशा वेळी काय करतं मला माहीत नाही. मी मात्र त्या हवेवर असा काही गरागरा फिरायचो, जणू सगळं अरुणावती धरण माझ्याच पोटातून चाललंय. गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन बसलेल्या असायच्या, कारण अन्सारभाईंचा नळ उताराला आणि त्याला धार चांगली. त्या माझ्याकडे बघून हसायच्या. "पाय वं, पान्याचा थेंब नाई अन् हा नाचून राह्यला!" मला वाटायचं, कौतुक चाललंय.

या बायांमध्ये इंदूबाई असायच्या. मागच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरू. शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायच्या. नवरा वारलेला, लेक प्रियंका लग्न होऊन नेरला. पण त्यांना नुसतं भाडेकरू म्हणणं बरोबर नाही. अन्सारभाईंची मुलगी कहकशां बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिची आई जैनबबी स्वतःच तापानं अंथरुणाला खिळली होती. त्या दिवसांत बाळाला न्हाऊ घालण्यापासून कहकशांच्या ताटापर्यंत सगळं इंदूबाईंनी पाहिलं. जैनबबी कुणालाही सांगायची, "हे माही बहीणच होये."

अशा घराच्या दारात मी होतो. मग ती दुपार आली.

अन्सारभाईंनी एका हिरव्या स्कूटीचं काम संपवलं होतं. गाडी स्टँडवर उभी करून ते जोरात अॅक्सिलरेटर पिळत होते आणि कान देऊन आवाज ऐकत होते. गाडी स्टँडवरून घसरली, चाकानं जमीन धरली आणि ती सरळ माझ्या अंगावर आली. माझी काच गेली. मान आतून तडकली. अन्सारभाईंनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग ते घाईनं वाकले. मला वाटलं, माझी विचारपूस करणार. ते वाकले स्कूटीच्या मडगार्डपाशी. तिथल्या ओरखड्यावर थुंकी लावून त्यांनी बोट फिरवलं, फडक्यानं पुसलं, आणि माझ्याकडे न बघताच ते फडकं पुन्हा माझ्या फुटक्या तोंडावर टाकलं. पाइपात पाणी नव्हतं, म्हणून माझी जखम दिसली नाही. गाडीचा मालक आला आणि गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले. बाया जमल्या होत्या. इंदूबाईंना शाळेत जायचं म्हणून त्या पुढे होत्या. त्यांनी नळाची चावी फिरवली आणि माझ्या मानेतून फवारा उडाला. बंगल्यातल्या फवाऱ्याची माझी हौस अशी फिटली! इंदूबाई नखशिखांत भिजल्या. तरी पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा करून माझ्या मानेवर दाबून धरला.

अन्सारभाई आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की इंदूबाईंचे दोन्ही हात मीटरवर आहेत आणि मीटर फुटलंय.

"काय करून ठेवलं हे? कितीकदा सांगलं, चावी इतकी जोरात नका पिळत जाऊ!"

"म्या चावीले हात लावला, भाऊ. मीटरले नाई."

"मंग आपल्या आपच फुटलं काय ते?"

"मले काय मालूम? पानी सोडलं अन् उडालं."

बाया गप्प झाल्या. गप्प झालेल्या बाया पाहिल्या की बोलणाऱ्या माणसाला अजून जोर चढतो. अन्सारभाई म्हणाले, "नवीन मीटर तुम्हीच बसवून द्या. नाई तं दुसरी खोली पाहा."

इंदूबाईंनी पदर पिळला. रिकामी बादली उचलली आणि त्या आत गेल्या. मी तिथे भळाभळा वाहत होतो. मला सगळं ठाऊक होतं, पण मला येतात ते फक्त आकडे, आणि त्या दिवशी तेही बंद पडले होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की इंदूबाईनं मालकाचं मीटर फोडलं. सांगण्यात नळावरच्या बायांपैकी बसंतीबाई सगळ्यात पुढे. इंदूबाईंनी त्या घरचं पाणी घेणं सोडलं. त्या पाण्याच्या दोन गुंड्या घेऊन पार चौकातल्या हातपंपावर जायच्या आणि येताना अन्सारभाईंच्या दारावरूनच यायच्या, सरळ समोर बघत. जैनबबीनं वरणाची वाटी पाठवली, ती तशीच परत आली. शाळेतल्या बायांना इंदूबाई विचारू लागल्या, कुठे खोली आहे का.

मला पाइपावरून काढलं ते खुद्द अन्सारभाईंनी. पान्ह्यानं नट सैल करून ते मला हातात फिरवून पाहू लागले. या माणसाला गाडी कशी आदळली ते नुसत्या पोच्यावरून कळतं. त्यांचा अंगठा माझ्या मानेवरच्या तड्यावरून सरकला आणि कडेवर थांबला. तिथे हिरवा रंग लागला होता. त्यांनी तो नखानं खरवडून पाहिला. मग त्यांनी मला बाकाखाली ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. शाळेत पोराला उभं करतात तसं. चूक कुणाची आणि कोपऱ्यात कोण!

नव्या मीटरसाठी संघदीपला बोलावलं. अन्सारभाईंनी त्याला विचारलं, "भाडेकरूनं फोडलं तं भरून कोन देईन?"

"कोनं फोडलं ते तुम्ही आपसात पाहा," संघदीप म्हणाला. "पालिका नाई इचारत. घर ज्याचं, मीटर त्याचं. सांगलं नोतं काय, पेटी करा म्हून?"

आता बघा माणसाचं डोकं कसं चालतं. नवीन मीटर आपल्यालाच आणावं लागणार हे कळल्यावर अन्सारभाईंचं मन एकदम मोठं झालं. ते मागच्या खोलीच्या दारात गेले. गॅरेजच्या मागच्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"जाऊ द्या, इंदूबाई. झालं ते झालं. मीटर मी बसोतो. तुम्ही नका जाऊ कुठी. म्या माफ केलं."

आतून भांडी बांधल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कायची माफी?" इंदूबाई म्हणाल्या. "म्या फोडलंच नाई तं माफी कायची घेऊ? तुमचं मीटर तुम्ही बसवा. मी पयल्या तारखेले खोली सोडतो."

अन्सारभाई परत आले आणि एका गाडीचा नट उगीचच सोडत-आवळत बसले.

दोन दिवसांनी जैनबबी गॅरेज झाडायला आली. झाडूच्या फटक्यानं मी बाकाखालून घरंगळत बाहेर आलो. आयुष्यात एवढं एकच काम मी वेळेवर केलं, तेही झाडूचा मार खाल्ल्यावर. तिनं मला उचलून उजेडात धरलं.

"ये हरा रंग काय का है?"

घरात तिच्याशी खोटं बोलायची अन्सारभाईंची पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी नुसतीच मान खाली घातली. ती हिरवी स्कूटी जैनबबीनंही दारात पाहिली होती; तिला सगळं समजलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "और तुम उसको माफ करने निकले थे!"

मला त्यांच्या मांडीवर ठेवून ती आत निघून गेली.

अन्सारभाई उठले. मला हातात घेऊन पुन्हा मागच्या खोलीच्या दारात गेले. या वेळी उंबऱ्याच्या अलीकडेच उभे राहिले. "इंदूबाई, गाडी माह्याच हातून ठोकली. स्कूटी होती. मले मालूम नोतं तुम्हाले बोललो तवा... मंग मालूम झालं. तरी म्या नाई सांगलं."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार बायांच्या म्होरं बोललात तुम्ही मले. आता एकटीले काय सांगून राह्यले?"

त्यांनी दार लोटून घेतलं.

नवीन मीटर बसलं. चकचकीत, आणि आल्याआल्याच लोखंडी पेटीत. त्या सकाळी नळ यायचे होते. बाया जमल्या. जैनबबीनं काय सांगितलं कोण जाणे, पण इंदूबाईही बादली घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. अन्सारभाई मला हातात धरून बाहेर आले. मोठ्या-मोठ्या इंजिनांची पोटं फाडणारा हा माणूस, पण आज मला या हातातून त्या हातात नुसतं फिरवत होता.

"ते... मीटर चेक केलं म्या," ते म्हणाले. "तं त्यात फॉल्ट दुसराच निघाला."

"कोनता फॉल्ट, भाऊ?" बसंतीबाईंनी विचारलं.

अन्सारभाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात जैनबबी उभी होती. पळायला जागा नव्हती.

"म्याच फोडलं," ते म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "गाडी माह्याच हातून सुटली. इंदूबाईचा काही संबंध नाई. मले समजल्यावरबी म्या चूप बसलो. इंदूबाई, चुकलं माहं."

नळाला पाणी आलं. पहिली बादली भरून वाहू लागली तरी कुणी हललं नाही. इंदूबाई पुढे झाल्या, त्यांनी ती बादली सरकवली आणि आपली लावली. मग मागे न बघता म्हणाल्या, "बसंतीबाई, आयकलं न? आता हेबी गल्लीत सांगून या. ते तं लवकर सांगलं होतं तुम्ही."

जैनबबी तोंडाला पदर लावून हसली. बसंतीबाईंना एकाएकी घरी दूध उतू जातंय असं आठवलं. इंदूबाईंनी बादली भरली आणि मागच्या खोलीत नेली. पहिली तारीख आली, तरी त्या खोलीतच होत्या.

मी आता गॅरेजच्या फळीवर आहे. भंगारवाला अधूनमधून येतो, मला तळहातावर तोलतो. "राहू दे ते," अन्सारभाई म्हणतात. का ठेवलंय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी फार मनावर घेत नाही. एकदा पदक मिळाल्याच्या भ्रमात राहून पुरेसं हसं झालंय.

तुमच्याही दारात माझा एखादा भाऊबंद असेल. नळ येण्याआधी तो हवेवर नाचेल, तेवढं माफ करा, घराण्याचाच दोष आहे. पण तो तुमचा आहे, पालिकेचा नाही आणि मागच्या खोलीतल्या बाईचाही नाही. त्याला झाकण करा, आणि कधी फुटलाच, तर पाणी बंद करा आणि तोंडही. नीट चौकशी होईपर्यंत दोन्ही बंदच ठेवा. येतो मी.