काजळीचा थर

कारखान्यात खिडकीशेजारच्या फळीवर तंबाखू ओढायचे एकूण नऊ लाकडी पाइप होते. सात बाबांनी तरुणपणापासून वेळोवेळी कोरलेले. त्यांतले चार सरळ दांडीचे, तीन वाकड्या दांडीचे. आठवा थोरल्या मुलीचा: दांडी सरळ, लांबी एकशे पन्नास मिलिमीटर, तंबाखू भरायची वाटी उंच आणि पातळ कडांची. नववा जावयाचा: दांडी हनुवटीकडे वळलेली, वाटी बुटकी, पोट सुटल्यासारखी. दोन्ही नव्या वाट्या आतून वीस मिलिमीटर रुंद होत्या, कारण कारखान्यातलं गिरमिट एकच होतं. एवढं सोडलं तर त्या दोन पाइपांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं. बनवणाऱ्यांचंही नव्हतं.

बाबांचे हात वर्षभर थरथरत होते. कोरताना पटाशी हातातून सुटायची. शेवटी महिन्याच्या एक तारखेला त्यांनी थोरलीला आणि जावयाला कामाच्या टेबलापाशी उभं केलं.

"यापुढे मी कोरणार नाही. आपला छाप एकाच नव्या आकारावर बसेल. डॉक्टरांनी दिवसाला एकच पाइप ठेवलाय, जेवणानंतरचा. महिनाभर तुमच्याच दोघांचे ओढतो. मग सांगतो."

"आणि दुसरा आकार?" थोरलीने विचारलं.

"दुसरा हौसेखातर करायचा."

छाप म्हणजे एक पोलादी खिळा, टोकाला बाबांनी कोरलेलं पान. ते पान ज्या लाकडावर उमटलं नाही, तो पाइप या कारखान्याचा नाही, इतकी साधी गोष्ट होती.

जावई सहा वर्षांपूर्वी खुर्च्यांना पॉलिश करायचं काम सोडून इथे शिकायला आला होता आणि शिकता शिकता धाकटीचा नवरा होऊन बसला होता. थोरली चौदाव्या वर्षापासून लाकडाचा भुसा खात होती. तिचं काम हातात घेऊन बाबा म्हणत, "ठीक आहे." जावयाचं घेऊन म्हणत, "वा रे पठ्ठ्या!" एका आठवड्यात तिने मोजून पाहिलं होतं. सहा 'ठीक आहे', चार 'पठ्ठ्या'. तिच्या वाट्याला त्यातला एकही 'पठ्ठ्या' आला नव्हता. तेव्हापासून तो शब्द कानावर पडला, की तिच्या हातातली कानस जरा जास्तच जोरात चालायची.

जेवण झालं की बाबा दोन्ही पाइप खिशात घालून वरच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. संध्याकाळी दोन्ही परत फळीवर. कोणता ओढला, हे विचारायची सोय नव्हती. पण पाइप स्वतः सांगतो. तंबाखू जळते तशी वाटीच्या आतल्या अंगाला काजळी धरते, आणि पाइप जितका जास्त ओढावा तितका तो थर जाड होतो. थोरली रोज सकाळी सर्वांच्या आधी खाली यायची, रुंदी मोजायचा कॅलिपर वाटीत लावायची आणि आकडे वहीत लिहायची. सहाव्या दिवशी तिच्या पाइपचा थर ०.१ मिलिमीटर होता, जावयाच्या पाइपचा ०.२. अठराव्या दिवशी तिचा ०.२ आणि त्याचा ०.५.

"ताई, कॅलिपर कुठे असतो हल्ली?" त्या सकाळी जावयाने विचारलं.

"माझ्याकडे. मला लागतो."

"रोज? सकाळी सकाळी?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. मी आपला डोळ्यांनी मोजतो. थोडं चुकतं, पण झोप चांगली लागते."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिने त्याचा पाइप उचलला, आपलं खरवडायचं पातं आत घातलं आणि हळूहळू फिरवलं. काळा भुगा कागदावर पडला. थर ०.२ झाल्यावर थांबली. कागद चुलीत टाकला. आता दोन्ही सारखे होते.

दुपारी बाबा अर्ध्या तासातच जिना उतरून आले. हातात जावयाचा पाइप होता.

"कडू लागतोय. तळाचं लाकूड जळतंय." त्यांनी वाटी खिडकीकडे धरली. "पठ्ठ्या, तुझ्या वाटीचा तळ गोल असतो ना?"

"गोलच, बाबा. वाटाणा टाकला तर मधोमध येऊन बसेल."

"मग यात सपाट कडा कोणी कापली?"

सपाट टोकाचं पातं कारखान्यात एकच होतं. थोरलीच्या वाट्यांचे तळ सपाट असत, म्हणून तिने ते स्वतः घडवून घेतलं होतं. अठरा दिवस बाजूचे थर मोजले, पण गोल तळात सपाट पात्याचे कोपरे लाकडात घुसतील, हा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

"वाटी साफच करायची होती तर सांगायचं होतंत, ताई," जावई म्हणाला. "मीही तुमची करून दिली असती. झाली असती फिट्टंफाट."

"तू गप्प बस!" ती बाबांकडे वळली. "तेरा आणि पाच! अठरा दिवसांत याचा तेरा वेळा ओढलात, माझा पाच वेळा. थरावरून काढलंय मी. माझा इतका नावडता होता तर तोंडावर सांगायचं होतं."

बाबांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थडथड वाजू लागली.

"गणित बरोबर आहे तुझं. तुझा पाइप लांब आहे. दातांत धरला की कवळी उचलली जाते, म्हणून हातात धरावा लागतो. याचा हनुवटीवर लोंबतो, हात लावावा लागत नाही. ज्या दिवशी हात शांत असतो, त्या दिवशी मी तुझा ओढतो."

"म्हणजे पाच दिवस?"

"पाच दिवस."

दुसरी कोणी असती तर तिला रडू आलं असतं. थोरलीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बाबांचा आजारसुद्धा जावयाला सामील झाला.

"दांडी आखूड करते," ती म्हणाली.

"मग तो तुझा आकार राहील?"

जावयाने तीन दिवसांत तसाच दुसरा पाइप करून फळीवर ठेवला. थोरलीने कॅलिपरला हात लावला नाही.

तिसाव्या दिवशी जेवणाआधी बाबांनी सांगितलं, "पठ्ठ्याचा आकार. आपली बरीच गिऱ्हाइकं माझ्याच वयाची आहेत." त्यांनी खिळा लाकडावर टेकवून पाहिला. टोक एका जागी राहीना. जावयाने हात पुढे केला.

"तू नाही. आपल्या कामावर आपण छाप मारायचा नाही, हे विसरलास? थोरले, तू मार."

तिने पाइप चिमट्यात बसवला, खिळा उभा धरला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. पान स्वच्छ उमटलं; एक शीरही तुटली नव्हती.

सगळे जेवायला गेल्यावर तिने फळीवरून आपला पाइप घेतला, कॅलिपर पुसला आणि तीन वेगवेगळ्या जागी मोजलं. मग वही उघडून लिहिलं: आतली रुंदी १९.६ मिलिमीटर. थर ०.२. अठराव्या दिवशीही ०.२. त्यानंतर शांत हाताचे दिवस: शून्य.