सव्वीस महिन्यांचं भोक

नोकरी देणाऱ्याला तुम्ही काय केलंत यापेक्षा तुम्ही केव्हा काहीच केलं नाहीत, यात जास्त रस असतो. माझ्या रिझ्युमेत ही रिकामी जागा सव्वीस महिन्यांची होती. त्याआधी एकोणीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात भांडार सांभाळलं. मग आई अंथरुणाला खिळली, मी नोकरी सोडली आणि ती जाईपर्यंत तिच्याजवळ राहिलो. तिला जाऊन चार महिने झाले होते. तेवढ्या काळात मी एकतीस अर्ज केले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

शेवटी ताईनं मला रिझ्युमे करून देणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती परगावी असते आणि सल्ले फोनवरून देते.

झेरॉक्सच्या दुकानावरचा दुसरा मजला. बाई पूर्वी एका कंपनीत माणसं भरती करायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं भरतीच्या लायकीची करायला लागल्या. टेबल, दोन खुर्च्या, प्रिंटर. भिंतीवर साधा खिळासुद्धा नव्हता.

माझी तीन पानं त्यांनी चष्मा पुसायला लागतो तेवढ्या वेळात वाचली. छंद कापले. वडिलांचं नाव कापलं. ‘प्रामाणिक व कष्टाळू’ कापताना म्हणाल्या, हे चोरही लिहितात. मग पेन्सिल थांबली.

“इथं काय करत होतात?”

“आईचं करत होतो.”

“करत होतो म्हणजे काय काय?”

मी सांगत गेलो. अकरा प्रकारच्या गोळ्या, डब्यांना चिठ्ठ्या लावून, तीन वेळा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. खोली तापू द्यायची नाही. शेवटपर्यंत एक जखम झाली नाही, हे मी जरा ताठ बसूनच सांगितलं. बाई टाइप करत होत्या. मला वाटलं, चार महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच माझं नीट ऐकून घेतंय.

छापलेला कागद हातात आला. त्यावर होतं: ‘प्रमुख भांडारपाल, शीतगृह. अकरा प्रकारच्या नाजूक मालाची नोंद व वेळेवर वाटप. दर दोन तासांनी मालाची फेरमांडणी. तापमान नियंत्रण. सव्वीस महिन्यांत नुकसान शून्य.’

मी विचारलं, हे शीतगृह आहे कुठं?

“भोक बुजल्यावर माती कुठली ते कुणी विचारत नाही,” बाई म्हणाल्या आणि ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ याच्याखाली त्यांनी माझी सही घेतली.

बत्तिसाव्या अर्जाला तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. औषधांचं गोदाम होतं. साहेबांनी रिझ्युमे वाचला आणि माझ्यासमोरच शीतगृहाला स्पीकरवर फोन लावला. कागदावर फोन नंबर आहे हे मला तेव्हा कळलं. दार किती पावलांवर आहे ते मी मोजून ठेवलं.

पलीकडे मोठमोठे पंखे घरघरत होते. दमलेला आवाज म्हणाला, हो, होते ना आमच्याकडे. दर दोन तासांनी स्वतः उठून फेरी मारायचे. मालावर इतकी माया करणारा माणूस परत नाही मिळाला.

साहेब खूश झाले, सोमवारी रुजू व्हा म्हणाले. बाईंनी कुणालातरी पढवून ठेवलंय, असं समजून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

घरी आलो तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. कायमचा परत आलास का, त्यांनी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, शेवटी तरी यायला हवं होतंस रे, ताईनं एकटीनं सगळं काढलं. काकूंचं वय झालंय, असं म्हणत मी वर आलो. गोळ्यांचे डबे जागेवर होते. त्यांवरच्या चिठ्ठ्या ताईच्या अक्षरात होत्या. कपाटात दोन जाड स्वेटर निघाले, खिशावर शीतगृहाचा शिक्का असलेले. कोपरं झिजली होती. एक घालून पाहिला, झीज बरोबर माझ्या कोपरांवर आली.

मी खाली बसलो आणि आईची पाठ आठवायला लागलो. मला निळे क्रेट आठवले. चौथी रांग, थेंब गळणारी. तिथल्या हमालांचे चेहरे, त्यांचे विनोदसुद्धा आठवले. आईचा आवाज आठवला तो फोनवरचा, तुटक, लाइन खराब असलेला.

शनिवारी मी बाईंसमोर उभा होतो. ते शीतगृह काढून टाका, म्हटलं.

बाईंना नवल वाटलं नाही. “नोकरी जाईल.”

“जाऊ दे. ते सव्वीस महिने माझे आहेत.”

“बघा हं. मी खोडते. पण उपटलेलं झाड परत लावलं तर सगळी मुळं धरतातच असं नाही.”

त्यांनी पाच ओळींवर एक रेघ मारली. मी जिना उतरतो न उतरतो तोच साहेबांचा फोन आला. फार वाईट वाटतं, म्हणाले, पण तुमचे सव्वीस महिने रिकामे दिसतायत.

झेरॉक्सच्या दुकानाला टेकूनच मी ताईला फोन लावला आणि विचारलं, शेवटी आईजवळ कोण होतं?

“हे काय विचारणं झालं? तूच होतास. सव्वीस महिने तूच तर होतास.”

मग सगळं येत गेलं. पावडरचा वास, तळव्यावर टेकलेला तिचा खांदा, कूस बदलताना ती देत असलेल्या शिव्या. मी डोळे मिटून घेतले.

“एक विचारू?” ती म्हणाली. “आई गेली त्या दिवशी तिनं तुला खाली वाकायला लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मी दारात होते, मला ऐकू आलं नाही. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते.”

मी वाकलेला मला दिसत होतो. तिचे ओठ हलत होते, श्वास कानाला गरम लागत होता. पण ऐकू येत होते ते पंखे, मोठमोठे, घरघरणारे.

ताई वाट बघत होती.

“ताईला सांभाळ म्हणाली,” मी म्हटलं.

पलीकडून रडणं ऐकू आलं. “वाटलंच होतं मला,” ती म्हणाली. “आता तर मला तिचा आवाजही आठवतोय, तसंच म्हणताना.”