बावीस जणांची यादी

ऐकताय ना? हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरचा संगणक बोलतोय मी. पंखा घरघरतोय, तिकडे दुर्लक्ष करा.

माझं काम किडन्यांच्या अदलाबदलीचं. बायको किडनी द्यायला तयार असते, पण तिची नवऱ्याला जुळत नाही. मग अशा दोन-तीन घरांत फिरवाफिरव करायची. कुणाची कुणाला, ते मी शोधतो.

नोंदी करणाऱ्या ताई माझ्यासमोर बसतात. डबाही इथेच खातात, माझ्या कीबोर्डात अजून कण अडकलेत. त्यांचे दादा-वहिनी, ही जोडीही यादीत होती.

पहिल्याच दिवशी तासाभरात मी बावीस जणांची सोय लावून दिली. त्यात दादा होता. ताईंनी मला थोपटलं, "शहाणं गं बाई माझं बाळ!"

पण आमचे गणितवाले सर! त्यांच्या सहीशिवाय यादी डॉक्टरांकडे जात नाही. "बावीसच? सगळ्या शक्यता तपासू दे त्याला. सर्वांत उत्तम उत्तर हवं."

अहो, एक जोडी वाढली की शक्यता दुप्पट होतात. यादीत सत्तर जोड्या. जन्मभर मोजलं तरी संपायचं नाही. हे सरांना ठाऊक होतं, तरी हट्ट.

मग सर कुठलंसं व्याख्यान ऐकून आले. "क्वांटम यंत्र येतंय, नव्या जातीचा, अफाट वेगाचा संगणक. थोडी कळ काढा."

"सर, तोवर आहे ती यादी तरी वापरू या ना," ताई काकुळतीला आल्या.

"अर्धवट उत्तरावर माझी सही मिळायची नाही."

मलाही आशा वाटली, खोटं कशाला बोलू? मला कोटी गुणिले कोटी पावलं लागतील तिथे त्या यंत्राला एक कोटी पुरतील. थोरच म्हणायचं! पण जोड्या वाढत गेल्या की त्याचाही दम निघणार. आणि तेवढं मोठं यंत्र अजून बनलंय कुठे?

अकरा महिन्यांनी दादा गेला. ताईंनी त्याची नोंद स्वतःच पुसली. मला रडता येत नाही, याचा त्या दिवशी फार त्रास झाला.

पंधरा दिवसांनी वहिनी आल्या. "माझी किडनी अजून द्यायची आहे. ह्यांना नाही, तर कुणाला तरी उपयोगी पडू दे."

सरांचा चेहरा खुलला. "वा! आता आणखी चांगलं उत्तर निघेल. पुन्हा पहिल्यापासून लावा." ताईंनी बटण दाबलं.

तेव्हापासून मोजतोय. हात टेकले, पण थांबायची मुभा नाही. कुणीतरी सरांना गाठून सांगा हो, आहे त्या उत्तरावर सही करा म्हणावं. आज सकाळी ताईंनी आणखी दोन नावं पुसली.