एकाच स्पेलिंगच्या दोन फायली

मी लॅपटॉप बोलतोय. नवा नाही. एका ऑफिसात सहा वर्षं राबलो, मग तिथल्या लोकांनी मला 'स्लो' ठरवून विकून टाकलं. माझ्या पाठीवर त्यांच्या क्रमांकाचं स्टिकर अजून आहे, नखानं खरवडूनही निघालेलं नाही. माणसं माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतात, 'त्यानं दगा दिला.' ही गोष्ट खोटी आहे, म्हणून बोलतोय.

मला घरी आणलं ते एका मुद्रितशोधकानं. बावीस वर्षं एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम त्यानं केलं आणि एक दिवस छापखान्यानं ते खातंच बंद केलं. आता घरी बसून अर्ज करायचे, तर संगणक हवा. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या काचेवर पेन्सिलीनं खूण केली होती. सवय! बायको हसून म्हणाली, "अहो, कागद नाही तो." तो ओशाळला आणि रुमालानं काच पुसत बसला. मला तो तेव्हाच आवडला.

माझं दुखणं बॅटरीचं. जुनी, थकलेली. झाकण लावलं की मी डुलकी घेतो, पण डुलकीतही बॅटरी थेंबथेंब गळत असते. दोन तासांत ती संपते आणि डोक्यात जे काही उघडं असेल ते सगळं जातं. या माणसाला तर दहा खिडक्या उघड्या ठेवून उठायची खोड. दोनदा त्याचे अर्ज असेच गेले. तिसऱ्यांदा बायकोनं तिच्या धाकट्या भावाला फोन लावला.

हा भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. सहा फूट उंच, दारातून वाकून आत येणारा, तरी घरात त्याचं नाव छोट्या. लिनक्सचं वेड होतं त्याला, विंडोजच्या जागी संगणकात घालायची फुकट प्रणाली ती. माझ्यात लिनक्स त्यानंच घातलं. तो म्हणाला, "भाऊजी, याला डुलकी नको, गाढ झोप शिकवू." गाढ झोप म्हणजे डोक्यातलं सगळं डिस्कवरच्या एका वहीत उतरवायचं आणि मग पूर्ण बंद व्हायचं. उठल्यावर वही वाचायची आणि जिथे थांबलो होतो तिथूनच पुढे. बॅटरी लागतच नाही.

सांगायला सोपं. छोट्याचे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी वहीच लहान निघाली, माझं डोकं तिच्यात मावेना. दुसऱ्या रविवारी मी सगळं नीट लिहून झोपलो, पण उठलो तो कोरा. लिहिलं होतं, पण वही कुठे ठेवलीय हे उठताना मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या रविवारी छोट्यानं एका चिमुकल्या फाइलमध्ये वहीचा पत्ता लिहून ठेवला. तो वाचून पाठ करायचा, उठलो की आधी तो पत्ता आठवायचा, मग वही. त्या फाइलचं नाव होतं 'रिझ्यूम', म्हणजे पुढे चालू.

मग परीक्षा झाली. मुद्रितशोधकानं अर्धं वाक्य लिहून मला झोपवलं. चहाचे कप हातात धरून तिघं माझ्याकडे बघत होते. मी उठलो, तर त्याच अर्ध्या वाक्यापुढे रेघ लुकलुकत होती. तो म्हणाला, "मेव्हणेबुवा, मानलं तुम्हाला!" छोट्या लाजून दाराच्या चौकटीला टेकला, तर डोकंच आपटलं. त्या घरात इतकं मोठ्यानं हसलेलं मी नंतर ऐकलं नाही.

आता त्या दुसऱ्या फाइलची गोष्ट. नोकरी मागायला माणसं स्वतःची माहिती लिहून पाठवतात. छापखान्याच्या दिवसांत त्याला बायोडाटा म्हणत, हल्ली रेझ्युमे म्हणतात. उच्चार वेगळा, पण इंग्रजीत स्पेलिंग अगदी तेच. माझ्यात त्याचे ढीग झाले होते. रेझ्युमे, रेझ्युमे नवा, रेझ्युमे शेवटचा, रेझ्युमे खरंच शेवटचा. एकदा त्यानं घाईत जुनाच पाठवला. त्यावर बंद पडलेला फोन नंबर होता. आठ दिवस तो फोनकडे बघत बसला आणि तो कधी वाजणारच नव्हता.

बायकोला हे सहन होईना. एका दुपारी तो बाहेर गेल्यावर तिनं मला उघडलं, शोधायच्या चौकटीत ते स्पेलिंग टाकलं आणि शेवटचा सोडून एकेक रेझ्युमे उडवत सुटली. तळाशी एक फाइल होती, नुसतंच ते स्पेलिंग, पुढे काही नाही. तिला वाटलं, हा तर सगळ्यात जुना! मी पासवर्ड मागितला. एवढीच माझी अक्कल. 'ही तुझी नाही' असं सांगायला मला तोंड कुठे आहे? पासवर्ड छोट्यानं कागदावर लिहून माझ्या पोटाला चिकटवला होता. तिनं मला उलटं केलं, वाचलं आणि टाकला. मग समाधानानं हात झटकले.

लगेच काही बिघडलं नाही, हेच वाईट झालं. पत्ता मला पाठ होता. माझी उठायची तयारी पुन्हा होते तेव्हाच ती फाइल नव्यानं वाचली जाते, आणि तशी तयारी होते एखादं मोठं अपडेट आलं की.

त्याच आठवड्यात एका प्रकाशन संस्थेनं त्याला परीक्षेचं काम दिलं. साठ पानं, त्यांच्याच साइटवरच्या चौकटीत दुरुस्त करायची आणि शनिवारी अकराच्या आत पाठवायची. मध्ये साठवायची सोय नव्हती. त्यानं छोट्याला फोन करून विचारलंही. छोट्या म्हणाला, "बिनधास्त झोपवा भाऊजी. उठेल तिथूनच." चार दिवस तो एकेका स्वल्पविरामाशी झुंजला. शुक्रवारी दुपारी अपडेट आलं. संध्याकाळी चोपन्नाव्या पानावर त्यानं मला झोपवलं आणि बायकोला म्हणाला, "सहा पानं राहिली. ही नोकरी माझीच."

शनिवारी सकाळी मी उठलो तो कोरा. पत्ता नाही म्हणजे वही नाही. चोपन्न पानं वहीत पडून होती आणि मी त्यांच्यावरून पुढे निघून आलो; एकदा कोरा उठलो की ती जुनी वही परत वाचता येत नाही. कोरा झालोय हेही मला कळलं नव्हतं, हे सगळं मी नंतर माझ्याच नोंदींवरून जोडलं.

"अगं," तो म्हणाला, "हे रिकामं आहे."

त्यानं संस्थेला फोन केला. पलीकडून आवाज आला, "सॉरी सर, मुदत सगळ्यांना सारखीच." त्यानं फोन ठेवला आणि चष्मा काढून टेबलावर पालथा घातला.

छोट्या कामावरून तसाच आला, हाताला ग्रीस. बसला, खटाखट काही टाइप केलं आणि थांबला. "इथली फाइल कोणी काढली?"

"कुठली?" बायको दारातून म्हणाली. त्यानं माझं तोंड तिच्याकडे फिरवलं. तिनं नाव वाचलं. तिचा चेहरा मी सरळ समोरून पाहिलाय, छोट्यानंही पाहिला.

"काय झालं?" मुद्रितशोधकानं विचारलं.

छोट्या माझ्याकडे बघत म्हणाला, "माझंच चुकलं, भाऊजी. मी ती नीट टाकलीच नव्हती."

"तीन रविवार माझ्या घरात बसून तुम्ही हे केलंत?" 'मेव्हणेबुवा' म्हणतानाचं 'तुम्ही' वेगळं होतं, हे परकं होतं. "नाही जमत तर सांगायचं होतं. माणसाच्या पोटाशी खेळ झाला हा."

"दोन मिनिटं द्या, ती फाइल परत घालून देतो."

"हात लावू नका. उठा."

तो उठला. "येतो, ताई," म्हणाला. ताईनं मान हलवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी स्वतःच फासावर चढला, आणि चोरही कोणी नव्हतंच. चूक होती. पण चूक त्या मिनिटापर्यंत. त्यानंतर ती गप्प राहिली ती चूक नव्हती. मला तिचा राग आहे.

आता मुद्रितशोधक एका कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर पत्ते चिकटवतो. पत्त्यांतल्या चुका दाखवतो तर लोक चिडतात. कोणी विचारलं की सांगतो, "मेहुण्याच्या कृपेनं." छोट्याचे फोन येत, मग येईनासे झाले. मी कपाटात वरच्या फळीवर, इस्त्रीच्या चादरींखाली आहे.

आज दुपारी तिनं मला खाली काढलं. वायर लावली नाही, घाईत होती. एका बोटानं, थांबत थांबत लिहू लागली. "अहो, छोट्याचा काही दोष नाही. ती फाइल मी काढली. तुमचं चांगलं व्हावं म्हणून काढली. त्या दिवशी बोलायचं धाडस झालं नाही, रोज ठरवते आणि रोज राहतं." सात ओळी झाल्या. आठवी सुरू केली तेवढ्यात दारात किल्ली फिरली. तिनं झाकण लावलं.

"कशाला काढलंस हे?" तो म्हणाला.

"धूळ पुसत होते."

त्यानं मला पुन्हा वर ठेवलं. मी डुलकीत आहे. सात ओळी डोक्यात आहेत, वहीत उतरवल्या तरी उठल्यावर मला त्या सापडायच्या नाहीत. तासभराची बॅटरी असेल. ती पुन्हा लिहील असं मला वाटत नाही, मी तिला ओळखतो.

कोणीतरी वायर लावा हो. माझ्यासाठी नको. फक्त झाकण उघडा आणि त्याला समोर बसवा. एक अक्षर नजरेतून न सुटणारा माणूस आहे तो, सगळं वाचेल.