डावीकडे झुकलेली वेल

"लोकर माझी नाही, पुस्तक माझं नाही, मी कशाला मध्ये तोंड घालू," थोरली जाऊ कपाटाला सांगत होती. कपाटाने ऐकलं की नाही देव जाणे, पलीकडे बसलेल्या धाकटीने मात्र अक्षर न् अक्षर ऐकलं.

धाकटीच्या मांडीवर तिच्या विणकामाच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाची, छपाईआधी तपासायला आलेली मुद्रितं होती. मुखपृष्ठावर वेल. थोरलीने सासूबाईंच्या शालीवर मनाने रचलेली. थोरली डावखुरी, म्हणून पानंही डावीकडे झुकलेली. धाकटीने शालीवरून टाके उतरवले, हिरव्याचा जांभळा केला, कृती आपल्या शब्दांत लिहिली आणि स्वतःची समजूत घातली, की झाली आता आपली.

घरात कळलं सगळ्यांना. सासूबाईंनी शाल चोरीचा माल असल्यासारखी गाद्यांखाली सारली. नवरा म्हणाला, "घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं?" आणि वर्तमानपत्रात शिरला.

सकाळी संपादकबाईंचा फोन आला. "वेल विणून पाहिली हो. पानाच्या टोकाला पीळ पडतोय. रचना तुमचीच ना? मग तिथे काय करायचं ते सांगा, म्हणजे छपाईला सोडते."

"बघून सांगते," धाकटी म्हणाली. आणि तेव्हापासून विणतेय, उसवतेय. शालीवरचे टाके दिसत होते, ते तसे का घातले ते कुठे दिसत होतं?

"आभारात टाक की वहिनीचं नाव, बारीक अक्षरात," नवऱ्याने वर्तमानपत्राआडून तोडगा काढला.

"विचारलंच नाही, तर आभार कसले मानू?" बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते नीट ऐकू आलं.

थोरलीचं कपाट एकदाचं आवरून झालं. ती येऊन शेजारी टेकली. "पीळ पडतोय?"

"हो."

"पडणारच," म्हणत तिने सुया हातात घेतल्या, डाव्या हातात. सासूबाई दाराशी थबकल्या. वर्तमानपत्र खाली आलं.

धाकटीने मुखपृष्ठ तिच्यापुढे ठेवलं.

"वहिनी, ही वेल तुमची आहे. मी न विचारता घेतली. पुस्तकात ठेवायची का नाही, ते तुम्ही सांगा. ठेवली, तर तुमच्या नावाने."