झोपेच्या उंबऱ्यावरची हाक

कुंडलिकनं मेलेल्या बापाच्या हाकेला ओ दिली होती, आणि आता आपण काही जगत नाही, हे त्याच्या मनानं पक्कं धरलं होतं.

झालं होतं ते एवढंच. गिरणीतली रातपाळी संपवून तो सकाळी सोलापुरातल्या आपल्या खोलीवर आला, घोंगडीवर आडवा झाला, आणि डोळा लागतो न लागतो तोच दाराकडून बापाची हाक आली, "कुंडलिकाऽ." बाप वारून वर्ष झालेलं. आणि हा शहाणा गुंगीत "ओ" म्हणून मोकळा झाला. त्याच्या वळसंग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, की हाक मारणारा दिसल्याशिवाय ओ द्यायची नसते. मेलेल्याला ओ दिली की त्याच्यामागं जावं लागतं. पुढं दोन-तीनदा तशीच हाक आली, तेव्हा त्याची उरलीसुरली आशाही सुटली.

त्यानं कुणाजवळ तोंड उघडलं नाही. बायको विजयमाला पहिल्या बाळंतपणाला बार्शीला माहेरी गेलेली. लेकराचं तोंड तरी बघायला मिळतं की नाही, या घोरानं त्याची भाकर सुटली. डोळे मिटायचीही भीती वाटू लागली. हातापायांच्या काड्या झाल्या, तेव्हा त्याची आई बजाबाई एका दुपारी त्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आली.

दवाखाना डॉक्टर भीमाशंकरांचा. हाताला गुण चांगला, पण माणूस जरा तिरपागडा, असं पेठेतले लोक म्हणत. खोकला घेऊन जा नाहीतर खरूज घेऊन जा, हे गृहस्थ विचारणारच, "झोप लागता लागता तुला काय दिसतं?" जागेपणातून झोपेत उतरताना माणसाच्या मेंदूत काय चालतं, हे शोधायचा त्यांना नाद लागला होता.

कुंडलिकलाही त्यांनी तेच विचारलं. आई बाहेर पायरीवर बसली होती. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्या एका प्रश्नानं भडभडून बाहेर आलं.

"बापानं हाक मारली आन् म्या ओ दिली, डाक्तरसायेब. आता किती दिस राह्यलं माजं?"

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. त्यांनी त्याला बाकावर निजवलं, हातात पितळेची वाटी दिली आणि तो हात बाकाखाली ठेवलेल्या ताटावर लोंबता ठेवला.

"झोप आली की वाटी सुटेल, आवाजानं जागा होशील. तेव्हा काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, तेवढं मला सांगायचं."

"हितं बी हाक आली तर?"

"मी आहे की बसलेला. तू नीज."

जागरणानं शिणलेला जीव तो, किती तग धरणार? आधी त्याला गिरणीतल्या साच्यावरचं सूत तुटताना दिसलं. मग त्या सुताची मेंढरं झाली आणि रस्त्यानं चालायला लागली. आणि एकदम कानाशी हाक आली. वाटी खणकन ताटात पडली. कुंडलिक उठला तो थेट दाराशी.

"आये, मला हाक मारलीस व्हय?"

"म्या?" बजाबाईनं तोंडातलं पान एका गालात सारलं. "न्हाय की. का रं?"

"तुजाच आवाज हुता. 'कुंडल्या, ऊठ' म्हनलीस."

"पानानं तोंड भरलंय माजं. बोलू कुटनं?"

मागून डॉक्टर आले. "ती हाक तुझ्याच डोक्यातून आली बघ. झोपेत उतरताना पुष्कळांना असं ऐकू येतं. मला माझे शाळेतले मास्तर हाक मारतात. मी तर अंथरुणात उठून उभा राहतो."

कुंडलिक आईकडं बघतच राहिला. आई समोर जिती-जागती बसली होती आणि तिनं हाक मारलीच नव्हती. म्हणजे बापानंही मारली नव्हती. कुणी न्यायला आलं नव्हतं. तो बार्शीला जाणार होता, लेकराला मांडीवर घेणार होता. तो पायरीवरच बसला आणि पोरासारखा रडला. मग रडता रडताच त्यानं आईला सगळं सांगितलं.

बजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "येवढं मनात धरून बसलास व्हय रं? हाकंनं न्हाय, उपासानं मेला असतास."

तिनं पान थुंकलं, पदरानं तोंड पुसलं.

"आवाज तसाच हुता का रं त्येंचा? घसा बसल्यावानी?"

"तसाच, आये. लई दमून आल्यावर मारायचा न्हवं का, तशी हाक."

बजाबाई उठली आणि डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"डाक्तर," ती म्हणाली, "मला बी जरा निजवा की हितं."