गाईडताईंचा डावा बूट

मी एक जुना चामडी बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा माझा जुळा भाऊ. तो कायम कुरकुरतो, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले.

मित्रांनो, चांभारकाकांनी आम्हाला पुरुषाच्या मापाने शिवले. डोंगरातल्या राखीव जंगलात तेव्हा सगळे गाईड पुरुषच होते. ताई तिथल्या भटारखान्यात स्वयंपाक करायच्या. त्यांनी आम्हाला विकत घेतले, बोटांपुढच्या मोकळ्या जागेत कापूस कोंबला आणि थेट मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "गाईड व्हायचंय? पर्यटकांची एक फेरी शिखरापर्यंत नेऊन दाखवा. तक्रार आली, तर पुन्हा चुलीपुढे."

इतर गाईड दणादण पुढे जात आणि दमलेले लोक मागे रखडत. ताईंनी मात्र सगळ्यात हळू चालणाऱ्या आजोबांना स्वतःच्या पाठोपाठ घेतले. बाकीच्यांनी त्यांच्या मागून चालायचे. एक तरुण वकील भलताच वैतागला. "अशाने शिखर पुढच्या वर्षी दिसेल," तो म्हणाला.

शिखर हाकेच्या अंतरावर आले आणि धुके उतरले. वर न्यावे तर वाट दिसेना, न न्यावे तर तक्रार ठरलेली. ताईंनी मला दोनदा पुढे टाकले आणि दोनदा मागे घेतले. मला फार वाईट वाटले.

"परत फिरायचं," त्या म्हणाल्या. वकिलाने त्यांना नाही नाही ते ऐकवले. पुढे धुके इतके दाटले, की तोच आजोबांच्या पाठीवरची पिशवी धरून त्यांच्या मागून उतरला.

खाली साहेब दारातच उभे होते. "शिखर झालं?"

"नाही. पण सगळे आलेत, बघून घ्या."

साहेब वकिलाकडे वळले. "तुमची काही तक्रार?"

"आहे ना. शिखर राहिलंय," वकील चष्मा पुसत म्हणाला. "पुढच्या महिन्यात परत येतोय. याच बाई नेणार असतील तर."

त्यानंतर आमचे झिजलेले तळ तीनदा बदलले. ताईंच्या हाताखाली कितीतरी मुली गाईड झाल्या. त्यांना त्यांच्या मापाचे बूट मिळतात. थोडा हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? मधली काही वर्षे आम्ही अडगळीत पडलो होतो. उंदराने माझी नाडी पळवली. आता मुलींनी कचेरीतल्या फळीवर जागा दिली आहे आणि आमचे मजेत चालले आहे.

मित्रांनो, मळलेले बूट कोपऱ्यात भिरकावू नका. त्या पहिल्या फेरीत ताईंच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. तरी पायरीवर बसून त्यांनी आधी आमचा चिखल खरवडला, मग तेल चोळले.

भटारखान्यातल्या मावशी रागावल्या. "अगं, आधी पायाला मलम लाव. त्या बुटांचं काय एवढं?"

ताई हसल्या. "उद्या घालायचेत, मावशी."